बालरुग्णांची तातडीची सेवा : शांत दिवसांत करावयाची तयारी



दरवर्षीच्या अहवालात आम्ही रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, शिबिरे आणि जमाखर्च आपणापुढे ठेवीत असतो. त्या तक्त्यांत न मावणाऱ्या एका विषयावर यंदा थोडे विस्ताराने लिहावे, असे विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठरले. विषय आहे तो अत्यवस्थ मूल रुग्णालयाच्या दाराशी आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाचा.

आषाढातील एका रात्री, दीडच्या सुमारास, केळीबागेत मजुरीसाठी आलेल्या एका कुटुंबाने चौदा महिन्यांचे मूल आमच्याकडे आणले. दिवसभराच्या जुलाब-उलट्यांनी ते गळून गेले होते. डोळे खोल गेलेले, हातपाय गार, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहणारी. वडील केसपेपरच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले, कारण तेथे रांग होती. आई मुलाला पदराखाली घेऊन बाकावर बसली, कारण तेथे बाक होते. मुलाकडे पहिल्यांदा कोणाचे लक्ष गेले ते केसपेपर निघाल्यावर. डॉक्टरांनी वजन विचारले. बाळांचा वजनकाटा बाह्यरुग्ण विभागात आणि तो विभाग रात्री कुलूपबंद. शिरेत घालण्यासाठी २४ नंबरची, पिवळ्या टोपणाची बारीक इंट्राकॅथ हवी होती. खणात होत्या त्या सगळ्या मोठ्या माणसांच्या. भांडाराची किल्ली ज्यांच्याकडे, ते सावद्याला आपल्या घरी. अखेर प्रसूतिकक्षातील ज्येष्ठ परिचारिका भगिनींनी आपल्या कपाटातून सुई आणली आणि मुलाच्या डोक्यावरील शीर शोधून सलाईन सुरू केले. तोवर बावीस मिनिटे गेली होती.

मूल वाचले. तिसऱ्या दिवशी ते आईच्या कडेवर बसून घरी गेले. आणि मूल वाचले म्हणूनच ही घटना विसरली जाण्याचा धोका होता. मृत्यूची चौकशी होते. थोडक्यात टळलेल्या मृत्यूची होत नाही. त्या भगिनींनी सकाळच्या बैठकीत ती बावीस मिनिटे एकेक करून मांडली नसती, तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती. त्या रात्री कोणी आळस केला नव्हता, कोणाची विद्या कमी पडली नव्हती. तयार नव्हते ते रुग्णालय. ही उणीव आमची होती आणि ती आपणापासून लपवून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मधे केळीचा पट्टा, असा आपला परिसर. यावल आणि रावेर तालुक्यांतील गावांबरोबर डोंगरातील तडवी व पावरा वस्त्यांतूनही मुले येथे येतात. पारा पंचेचाळीस अंशांकडे चढतो तेव्हा उष्माघात, पावसाळ्यात हगवण आणि सर्पदंश, थंडीत न्यूमोनिया. आणि बारमाही म्हणावेत असे विंचू, फवारणीची विषारी औषधे, चुलीवरच्या पाण्याने भाजणे, श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा. मोगली एरंडाच्या बिया गोडसर लागतात. शाळेच्या मधल्या सुटीत एकाने खाल्ल्या की दहाजण खातात आणि दहाही मुले एकाच वेळी उलट्या करीत दाराशी उभी राहतात. जळगाव-भुसावळची मोठी रुग्णालये आपल्याला फार दूर नाहीत. पण ‘फार दूर नाही’ हे अंतर श्वास कोंडलेल्या मुलाच्या दृष्टीने अपार असते. पहिली मिनिटे फैजपूरलाच काढावी लागतात.

मूल हे लहान आकाराचे मोठे माणूस नव्हे

हे वाक्य वैद्यकीय शिक्षणात पहिल्या वर्षापासून ऐकविले जाते, परंतु रुग्णालये बांधताना आणि सामान खरेदी करताना ते विसरले जाते. मोठ्या माणसाचे हृदय बहुधा हृदयाच्याच विकाराने थांबते. मुलाचे हृदय मात्र बहुतेक वेळा श्वास अपुरा पडल्याने किंवा शरीरातील पाणी व रक्त घटल्याने थांबते. याचा अर्थ असा की, त्यापूर्वी काही काळ ते मूल आपल्याला सूचना देत असते. त्याचा श्वास जलद होतो, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जातात, हातपाय गार पडतात, ते रडेनासे होते. रक्तदाब मात्र जवळजवळ अखेरपर्यंत टिकून राहतो, आणि मग एकदम कोसळतो. ‘रक्तदाब ठीक आहे, सकाळी पाहू’ हे वाक्य मोठ्यांच्या बाबतीत कदाचित चालेल; मुलाच्या बाबतीत ते घातक ठरू शकते.

प्रमाणेही निराळी. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे ८०० मिलिलीटर रक्त असते; तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात जेमतेम पेलाभर. नवजात बाळ जन्मतः रडले नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत फुगा आणि मास्कने त्याला श्वास देण्यास आरंभ करावा लागतो, आणि तो मास्क त्याच्या इवल्या तोंडा-नाकावर बसणारा असावा लागतो. मोठ्यांचा मास्क बाळाचे डोळेही झाकतो आणि हवा बाजूने निघून जाते. असा मास्क असणे आणि नसणे सारखेच.

औषधाची मात्रा ठरते ती वजनावरून. रात्री दोन वाजता, आई रडत असताना, किलोमागे इतके मिलिग्रॅम आणि बाटलीत मिलिलीटरमागे इतके, असा हिशेब तोंडी करताना दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते किंवा दहाव्या हिश्शावर येते. काटा नसेल तर डॉक्टर वयावरून वजनाचा अंदाज बांधतात. एक ते सहा वर्षांसाठी वयाची दुप्पट करून त्यात आठ मिळवावेत, असे सूत्र पाठ्यपुस्तकांत आहे. त्याप्रमाणे तीन वर्षांचे मूल १४ किलोचे. परंतु डोंगरातील वस्तीवरून आलेले कुपोषित मूल त्याच वयात काट्यावर दहा किलो भरू शकते, आणि सूत्रावर विसंबल्यास त्याला जवळजवळ दीडपट औषध जाईल. अमेरिकेत वजने पौंडांत सांगण्याची सवय असल्याने ‘मुलांचे वजन फक्त किलोग्रॅममध्येच नोंदवावे’ असा आग्रह तेथील बालरोगतज्ज्ञांना धरावा लागला. आपल्याकडे किलो रूढ आहे. कित्येकदा काटाच नसतो!

त्याच देशात या तयारीचे मोजमाप करण्याचे पद्धतशीर प्रयत्न झाले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच राज्यांतील ४२६ रुग्णालयांना मुलांच्या तातडीच्या सेवेसाठी ती किती सज्ज आहेत यावरून गुण दिले गेले आणि तेथे आलेल्या अत्यवस्थ मुलांचे पुढे काय झाले ते तपासले गेले. सर्वांत कमी सज्ज गटात अशी सुमारे ११ टक्के मुले दगावली; सर्वांत सज्ज गटात साडेतीन टक्क्यांहून कमी. गुण कशाला होते, ते पाहिले की आश्चर्य वाटते. मुलांच्या सज्जतेची जबाबदारी नावाने कोणा एका डॉक्टरवर आणि एका परिचारिकेवर आहे काय, योग्य मापाची साधने आहेत काय, वजन नीट नोंदले जाते काय, मूल दुसरीकडे हलविण्याची रीत लेखी ठरली आहे काय, अशा साध्या गोष्टींना.

महाडचे उदाहरण

यासाठी खरे तर अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात वाढलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने तेथे माणसे दगावत, त्यांत मुले पुष्कळ. विंचवाची वेदना मारीत नाही, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्ररात्र बसून टिपले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. मूल घामाने निथळते, हातपाय बर्फासारखे पडतात, पुढे तोंडातून फेस येतो. रक्तदाबावरील ‘प्राझोसिन’ ही साधी, स्वस्त गोळी वेळेवर दिली तर हा सारा क्रम थोपविता येतो, हे त्यांचे निरीक्षण १९८६ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतील तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण दोन-तीनवर आले. २०११ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीत प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर सुधारतो, असे दिसले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

या हकिगतीतील आम्हांला महत्त्वाचा वाटणारा भाग गौरवाचा नाही. गोळी काही रुपयांची आहे. ती मोठ्या शहरातील अतिदक्षता विभागात असून उपयोग नाही. ज्या खोलीत विंचू चावलेले मूल पहिल्यांदा येते त्या खोलीत, हाताशी, मुदत न संपलेली अशी ती हवी आणि घामाने निथळणारे मूल पाहून ती आठवणारे माणूस तेथे हवे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे रुग्ण वाचविले तेव्हाही प्रश्न हाच होता. औषध ठाऊक होते. ते जेथे हवे तेथे पोहोचले नव्हते.

आमच्या येथे काय बदलले

सर्वप्रथम बदलली ती केसपेपरची खिडकी. ‘आधी मूल, मग कागद’ अशी पाटी तेथे लावली आणि द्वारपाल, केसपेपरचे लिपिक व सफाई कर्मचारी यांना बसवून सहा गोष्टी शिकविल्या : मूल निळसर दिसते, धाप लागली आहे, झटके येत आहेत, हाक मारल्यास उठत नाही, हातपाय गार पडले आहेत, जुलाबांनी डोळे खोल गेले आहेत. यांपैकी एक जरी दिसले तरी कोणास न विचारता मुलाला उचलून आत आणावयाचे. जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांतील रुग्णालयांसाठी आखून दिलेली पद्धत याच विचारावर उभी आहे. सर्वांत गंभीर मूल रांगेत सर्वांत शांत असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला तिचे मोल कळेल.

मग मुलांची स्वतंत्र ट्रॉली आली. तिचे खण औषधांच्या नावांप्रमाणे लावलेले नाहीत; मुलाच्या वजनाप्रमाणे लावले आहेत. पाच किलोपर्यंतच्या खणात त्या वजनाला लागणारा मास्क, नळी, इंट्राकॅथ आणि मात्रांचा तयार तक्ता. पुढच्या खणात पुढचे. शीर सापडत नसेल तर गुडघ्याखालील नळीच्या हाडातून सलाईन देण्याची खास सुई वेगळ्या कप्प्यात. सर्पदंशाचे प्रतिविष, कीटकनाशकाच्या विषबाधेसाठी ॲट्रोपिन, झटक्यांसाठी नाकात फवारावयाचे औषध, ग्लुकोज, प्राझोसिन, जलसंजीवनीची पाकिटे. वजनकाटा ट्रॉलीच्या शेजारी कायमचा. ट्रॉलीला कुलूप नाही, केवळ प्लॅस्टिकचे सील आहे. ते तुटलेले दिसले की सामान पुन्हा मोजावे लागते. दर पाळीस भगिनी नळी घालण्याच्या उपकरणाचा दिवा प्रत्यक्ष पेटवून पाहतात. ‘दिवा आहे’ असे लिहिणे आणि ‘दिवा पेटला’ असे लिहिणे यांतील फरक आम्ही अनुभवाने शिकलो.

फैजपूरकरांना पूर्वतयारीचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. १९३६ च्या डिसेंबरात ग्रामीण भागातील पहिले काँग्रेस अधिवेशन याच मातीत भरले, त्यासाठी आधीचे कित्येक महिने गाव राबले होते. आमची तयारी त्या मानाने क्षुल्लक आहे. पण सरावावाचून ती फोल ठरते, हे पहिल्याच तालमीत कळले. बाहुलीला ‘मूल’ समजून, न सांगता, रात्री सराव घेतला. डॉक्टर धावले, भगिनी धावल्या, मास्क योग्य मापाचा निघाला, आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी कोणालाच सापडेना. आता ती साखळीने सिलिंडरलाच बांधलेली आहे. प्रत्येक सरावात असे काही ना काही निघते. सुरुवातीस कर्मचाऱ्यांना संकोच वाटे, आपली परीक्षा घेतली जाते असे वाटे. चुका सांगणाऱ्याला बोल लावावयाचा नाही, हा नियम काटेकोरपणे पाळल्यावर ती भीती गेली.

विजेचा प्रश्न वेगळाच. हवेतून ऑक्सिजन गाळून देणारे यंत्र वीज गेली की थांबते, म्हणून भरलेला सिलिंडर शेजारी असावाच लागतो. आणि यंत्रे वाढविताना भिंतीतील तारा तेवढा भार सोसतील काय, हेही पाहावे लागते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात पहाटे आग लागून १० बाळे दगावली; ७ बाळांना बाहेर काढता आले. त्या बातमीनंतर आमच्या बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. बाळांच्या कक्षातील वायरिंगची तपासणी, अग्निशामक नळकांडी आणि अंधारात बाळे कोणत्या दाराने, कोणी, किती उचलावयाची याचा सराव आता वार्षिक कार्यक्रमात आहे.

आमच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रात्री बालरोगतज्ज्ञ रुग्णालयात मुक्कामास नसतात, बोलाविल्यावर येतात. बाळांसाठी कृत्रिम श्वसनयंत्र आमच्याकडे नाही. त्यामुळे काही मुलांना पुढे पाठवावेच लागते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, तिचा आधार मोठा. पण मूल गाडीत घालणे म्हणजे जबाबदारी संपविणे नव्हे. आधी श्वास, सलाईन आणि साखर सावरावयाची; पुढच्या रुग्णालयास दूरध्वनी करून खाट आहे याची खात्री करावयाची; वजन, दिलेली औषधे आणि वेळा लिहिलेली चिठ्ठी आईच्या हाती द्यावयाची. ही चिठ्ठी नसेल तर तेथील डॉक्टर तेच औषध पुन्हा देऊ शकतात.

घरच्यांसाठी चार शब्द

रुग्णालयाच्या तयारीचा निम्मा भाग घरी आणि वाटेवर असतो. मुलाचा श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावा, मूल शांत असताना. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा साठ किंवा अधिक, एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक भरला तर दाखविण्यास उशीर करू नये. फासळ्या आत ओढल्या जात असतील तर मोजत बसू नये, निघावे. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी सुरू करावी आणि अंगावरचे दूध बंद करू नये. ते बंद करण्याचा सल्ला अजूनही घरोघरी वडीलधाऱ्यांकडून मिळतो. त्यांचा मान राखून, पण तो ऐकू नये.

रॉकेल किंवा फवारणीचे औषध प्यालेल्या मुलाला ओकारी काढावयास लावू नये. बाटली मात्र बरोबर आणावी, तिच्यावरचे नाव पाहून आमचा बराच वेळ वाचतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट काही लावू नये. सर्पदंशात जखम चिरणे, आवळून बांधणे, मंत्र-उतारा यांत वेळ जातो. आणि एक गोष्ट शेतातील खोपटात जमिनीवर झोपणाऱ्या कुटुंबांनी विशेष ध्यानी धरावी. मण्यार रात्री झोपेत चावते, जागा सुजत नाही, दातांची खूणही धड दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते, उलटी करते आणि त्याच्या पापण्या मिटू लागतात. असे मूल अपचन म्हणून घरी ठेवू नये. सापाचे विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नसल्याने प्रतिविषाची मात्रा मुलालाही मोठ्यांइतकीच लागते, हेही सांगून ठेवतो; ‘एवढ्याशा पोराला एवढ्या बाटल्या कशाला’ असा प्रश्न आम्हांला वरचेवर विचारला जातो.

देणगीदारांशी थोडे मोकळे बोलावयाचे आहे. यंत्रावर नाव कोरता येते, कक्षाला पूर्वजांचे नाव देता येते, आणि त्या दातृत्वामुळेच हे रुग्णालय उभे आहे. परंतु २४ नंबरच्या सुईवर नाव कोरता येत नाही. सरावाच्या बाहुलीचे, बदललेल्या वायरिंगचे, मुदत संपण्यापूर्वी नव्याने आणलेल्या प्रतिविषाचे उद्घाटन होत नाही. यांतील काही औषधे वर्षभर वापरावी न लागता फेकून द्यावी लागतात आणि हिशेबतपासनीस ती रक्कम वाया गेली म्हणून त्यावर खूण करतात. आमच्या मते ती वाया गेलेली नाही. विहिरीवरचा कठडा वर्षभरात कोणी पडले नाही म्हणून कोणी काढून टाकीत नाही. तेव्हा नाव न कोरता, ‘नित्य साहित्यासाठी’ एवढेच लिहून दिलेली देणगी आम्हांस फार मोलाची वाटते. पावतीवर तसा वेगळा रकाना यंदापासून ठेवला आहे.

ट्रॉली अपघात विभागात शिरताच उजव्या हाताला आहे. रुग्णालयात येणे होईल तेव्हा विश्वस्तांनी, देणगीदारांनी आणि मुलांच्या आईवडिलांनीही तिचे खण अवश्य उघडून पाहावेत. सील तुटेल, त्याची काळजी करू नये. पाळीवरील भगिनी सामान पुन्हा मोजतील आणि नवे सील लावतील.